पेनमाइनमाउरची खडी आणि ‘निकामी’ डिझेल इंजिनं

उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरच्या पेनमाइनमाउर या दगडखाणीच्या गावातल्या स्टेशनातले 1980 च्या आसपासचे फोटो रेल्वेप्रेमींमध्ये फिरत असतात. सोबतचा मजकूरही ठरलेला: “एक्स्प्रेसला निकामी ठरलेली डिझेल इंजिनं इथे दगड ओढायला टाकली. तेच काम ट्रकने स्वस्तात झालं असतं. एवढ्याशा स्टेशनाला मालगाडी कशाला? आणि विजेच्या तारा टाकायला काय झालं होतं?” यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी इंजिनाचं बघू. फोटोतलं क्लास 40 हे इंग्लिश इलेक्ट्रिकचं इंजिन, 2000 अश्वशक्तीचं आणि 133 टन वजनाचं. एक्स्प्रेसला ते कमी पडू लागलं, हे खरंच आहे. पण अश्वशक्ती लागते ती वेग टिकवायला. उभी गाडी हलवायला लागतो तो चाकांवरचा भार आणि मोटरचा जोर, आणि हे दोन्ही या इंजिनात भरपूर होतं. खडीची गाडी काही ताशी 140 किलोमीटरने धावत नाही! अशा 200 इंजिनांपैकी बहुतेक व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. बोरीबंदर-ठाणे मार्गावरची 1853 ची पहिली इंजिनं याच कारखान्यातून आली होती. त्यामुळे क्लास 40 ला कुणी भंगार म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

ट्रकचा मुद्दा वरवर पटतो, म्हणून तो नीट तपासू. ब्रिटिश रेल्वेच्या खडीच्या वाघिणींना माशांची नावं असत. त्यातली ‘डॉगफिश’ 24 टन खडी घेई. अशा 25 वाघिणी जोडल्या की 600 टन झाले. त्या काळचा तिथला मोठा ट्रक साधारण 20 टन नेई, म्हणजे 30 फेऱ्या, त्याही डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून.

पण खरी गोम पुढेच आहे. ही खडी जायची कुठे? रुळांखाली. डॉगफिशच्या पोटाला झडपा असतात; गाडी पावलापावलाने पुढे सरकते आणि खडी थेट रुळांवर पडत जाते. शेवटी ‘शार्क’ नावाचा ब्रेकचा डबा. त्याच्या खालचा नांगर तो ढीग सपाट करतो. ट्रकने खडी जवळच्या रस्त्यापर्यंत नेलीत, तरी तिथून रुळांपर्यंत न्यायला पुन्हा गाडीच लागणार. मग स्वस्त काय झालं?

आणि दगडही कुठलाही चालत नाही. कर्जत-लोणावळ्याकडच्या रुळांतला खडीचा एखादा तुकडा कधी निरखून पाहिलाय? कडा धारदार, अंग खरबरीत. असे तुकडे एकमेकांत अडकून बसतात, म्हणून स्लीपर हलत नाहीत. समुद्रावरचे गुळगुळीत गोटे भाराखाली घरंगळतात. आपल्याकडे हे काम सह्याद्रीचा काळा पाषाण करतो, तिथे पेनमाइनमाउरच्या डोंगरातला तसाच कठीण अग्निज दगड.

स्टेशन लहान, म्हणून माल कमी, हा तर्कच चुकीचा. दोन फलाटांवरून गावातले प्रवासी मोजता येतील. दगड भरला जाई शेजारच्या सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या जोडरुळांवर, आणि तिथला माल ठरवत होता अख्खा डोंगर. या गावचे दगडी चिरे पूर्वी धक्क्यावरून जहाजांनी जात, तेही शहरांच्या रस्त्यांत बसवायला.

राहिल्या तारा. वाघिणीत दगड वरून पडतो, त्यामुळे भरायच्या जागी डोक्यावर विजेची तार ही अडचणच. शिवाय रविवारचा मेगाब्लॉक आठवा: रुळांचं आणि तारांचं काम निघालं की आधी ओव्हरहेड वायरचा वीजपुरवठा बंद होतो. अशा वेळी विजेवरचं इंजिन जागच्या जागी उभं राहतं आणि खडीची गाडी आत न्यायला डिझेलच लागतं, मग ते वेल्स असो की कल्याण.