अभ्यंकर सरांचं गणित मराठीत कधी येणार?

डॉ. श्रीराम अभ्यंकरांबद्दल मराठीत जे काही माझ्या वाचनात येतं, त्याचा साचा ठरलेला असतो. ग्वाल्हेरला वाढलेला मुलगा हार्वर्डला गेला, पर्ड्यू विद्यापीठात मोठा प्राध्यापक झाला, मराठी माणसाचं नाव जगात झालं. सगळं खरं आहे. पण त्यांनी नेमकं केलं काय, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. गवयावर लेख लिहायचा आणि तो गातो कसा ते सांगायचंच नाही, असा हा प्रकार. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म २२ जुलै १९३०, उज्जैन. वडील शंकर केशव अभ्यंकर गणिताचेच प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली बी.एस्सी., मग थेट हार्वर्ड. तिथे ऑस्कर झारिस्की हे गुरू लाभले आणि १९५५ साली पीएच.डी. झाली. १९६३ पासून अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ, ते २ नोव्हेंबर २०१२ ला निधन होईपर्यंत.

आता गणित. घाबरू नका, दहावीपर्यंतचं बीजगणित पुरेल.

सरांचा विषय बैजिक भूमिती, म्हणजे समीकरणांतून तयार होणाऱ्या आकृत्यांचा अभ्यास. एक समीकरण घ्या: य वर्ग बरोबर क्ष घन. आलेख कागदावर काढून बघा. वरून एक फांदी येते, खालून एक येते आणि शून्य बिंदूपाशी दोघी मिळून अणकुचीदार टोक करतात. बाकी सगळी वक्ररेषा गुळगुळीत, फक्त तिथे अडचण. आता य च्या जागी ‘म गुणिले क्ष’ लिहा. डावीकडे म वर्ग गुणिले क्ष वर्ग, उजवीकडे क्ष घन. दोन्ही बाजूंना क्ष वर्गाने भागा. उरतं म वर्ग बरोबर क्ष. हा तर साधा पॅराबोला! टोक नाहीसं झालं. आणि म म्हणजे दुसरं काही नाही, शून्य बिंदूपासून वक्ररेषेवरच्या बिंदूपर्यंत काढलेल्या रेषेचा चढ. एका ओळीच्या बदलाने बिघडलेली जागा सुटते, हे मी पहिल्यांदा स्वतः करून पाहिलं तेव्हा बराच वेळ वही बंद करवली नाही.

प्रश्न असा, की कितीही मितींची, कितीही गुंतागुंतीची आकृती दिली तरी अशा युक्त्या करत सगळी टोकं सोडवता येतील का? आपल्या नेहमीच्या संख्यांसाठी झारिस्कींनी दोन आणि तीन मितींपर्यंत ते करून दाखवलं होतं. पण गणितात दुसरंही जग आहे. तिथे एखादी मूळ संख्या, समजा २ किंवा ५, शून्याइतकीच धरतात. त्या जगात गुरूंची हत्यारं चालेनात.

का चालेनात, हेही शाळेतच दिसतं. वर्गसमीकरणाची पूर्ण वर्ग पद्धत आठवा. श्रीधराचार्यांचा हा नियम, भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात नोंदवून ठेवलेला. सूत्राच्या छेदात २अ असतात. आता २ म्हणजेच शून्य असेल तर भागणार कशाने? वरच्या घातांच्या समीकरणांतही मधलं पद घालवायला घातांकाने भागावं लागतं, आणि तो घातांकच शून्य निघतो. कॅल्क्युलसही दगा देतं, कारण क्ष च्या पाचव्या घाताचा डेरिव्हेटिव्ह पाचपट काहीतरी येतो, म्हणजे शून्य.

अशा जगात दोन मितींच्या पृष्ठभागांची टोकं सोडवण्याचं काम पंचविशीतल्या अभ्यंकरांनी पीएच.डी.साठी केलं. पुढे १९६४ साली झारिस्कींचेच दुसरे विद्यार्थी हिरोनाका यांनी नेहमीच्या संख्यांसाठी प्रश्न सर्व मितींत निकालात काढला आणि गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, १९७० चं फील्ड्स पदक, मिळवलं. अभ्यंकर अवघड बाजूलाच राहिले. १९६६ साली, ५ पेक्षा मोठ्या मूळ संख्यांसाठी, तीन मितींचा गड त्यांनी सर केला. चार मितींपासून पुढे तिकडचा प्रश्न अजून कुणालाच सुटलेला नाही.

त्याच काळात या विषयाची भाषाच बदलत होती. पॅरिसला गणितज्ञ ग्रोथेंडिक आणि मंडळी फार वरच्या पातळीवरचं अमूर्त बांधकाम उभारत होती. त्याआधीच फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांनी लोपाचं गणित भूमितीतून कायमचं हद्दपार व्हावं अशी आशा छापून ठेवली होती. लोप म्हणजे दोन समीकरणांतून एक चल घालवायचा, शाळेत आपण करतो तोच. अभ्यंकर याविरुद्ध उभे राहिले. आपलं गणित हे हायस्कूल अल्जिब्रा आहे असं ते अभिमानाने सांगत आणि प्रत्यक्ष समीकरण मांडून दाखवा असा आग्रह धरत. पुढे संगणकावर वक्र आणि पृष्ठभाग काढायची वेळ आली तेव्हा लोपाचं तेच गणित कामाला आलं, आणि त्यातही सरांनी शोधनिबंध लिहिले.

ग्रोथेंडिकची वाट चुकीची होती असं मी म्हणणार नाही. मूळ संख्या शून्य धरणाऱ्या त्या जगात, सरळ रेषेवर समीकरणांतून कोणकोणत्या सममिती उभ्या राहू शकतात याबद्दल अभ्यंकरांनी १९५७ साली एक अटकळ मांडली होती. ती १९९४ साली सिद्ध झाली, रेनो आणि हारबेटर यांच्याकडून, आणि रेनो त्या फ्रेंच परंपरेतलेच. पण सिद्धता सांगते की अशी सममिती देणारं समीकरण असतं. ते कसं दिसतं हे सांगत नाही. ती समीकरणं हाताने लिहून काढायचं काम सर त्याआधीपासून करत होते आणि नंतरही करत राहिले. फ्रेंच गणितज्ञ मात्यू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सममितींच्या दुर्मीळ गटांसाठीसुद्धा त्यांनी आटोपशीर, मोजक्या पदांची समीकरणं शोधली. मला त्यांच्या कामातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

१९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. एरंडवण्यातली ही संस्था शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत सगळ्यांना गणित शिकवते. पुण्यात राहून तिथे कधी न गेलेले गणिताचे शिक्षक मला भेटतात. त्यांनी जावं, विद्यार्थ्यांना न्यावं. आणि बीजगणित म्हणजे सूत्रं पाठ करून दीड मिनिटात पर्याय टिपायचा, असं मुलांच्या डोक्यात भरवणाऱ्या क्लासवाल्यांनी निदान एकदा ते टोक फळ्यावर सोडवून दाखवावं. दहा मिनिटं लागतात.

माझी मागणी एकच आहे. १९७६ सालीच अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीत सरांचा बैजिक भूमितीच्या इतिहासावरचा दीर्घ लेख आला. गणितावरच्या उत्तम लेखनासाठी दिलं जाणारं शोव्हने पारितोषिक त्याला १९७८ साली मिळालं. तो मराठीत यायला हवा, सगळ्या समीकरणांसकट, काहीही न गाळता. रीतसर परवानगी काढून कुणी हे काम हाती घेणार असेल तर टायपिंग, आकृत्या, मुद्रितशोधन यातलं जे पडेल ते करायला मी तयार आहे. इनबॉक्समध्ये कळवा.