मराठी फॉन्टचं एपीके आणि 'इंदा'चा एसएमएस

हा फॉरवर्ड आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या ग्रुपवर. दोन्हीकडे मी तो वाचून सोडून दिला. परवा तो आत्याकडून आला, खाली तिची स्वतःची ओळ जोडून: "हे करून देतोस का? नाहीतर मी बुधवार पेठेत जाऊन त्या दुकानातून करून घेते." आता गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल (भाग्यवान आहात), त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात. जुन्या फोनवर मराठी नीट दिसत नाही, कारण कंपन्या मुद्दाम मराठी बिघडवून ठेवतात. उपाय म्हणजे दिलेल्या लिंकवरून 'मराठी फॉन्ट' नावाचं एपीके (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून बसवायची ॲपची फाइल) उतरवा, प्ले प्रोटेक्ट बंद करा, मागेल त्या सगळ्या परवानग्या द्या आणि जमलं तर फोन रूट करून (म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवून) फॉन्ट थेट सिस्टीममध्ये बसवा. मग मराठी शंभर टक्के अचूक दिसेल, तुमचे मेसेज समोरच्याला तुमच्याच सुंदर अक्षरात दिसतील, डीटीपीचे जुने फॉन्ट टाकले तर जुन्या फायलीही वाचता येतील, फोन पळायला लागेल, बॅटरी वाचेल. आणि फॉन्ट म्हणजे नुसती अक्षरं, त्यात व्हायरस असूच शकत नाही. शेवटी अर्थातच 'मराठी असाल तर दहा जणांना पाठवा'.

कंपन्यांच्या कटापासून सुरुवात करतो, कारण तो पटकन उरकतो. अँड्रॉइडमध्ये देवनागरी २०११ च्या ४.० आवृत्तीपासून आहे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये गूगलचे नोटो फॉन्ट आले. आत्याचा फोन जुना म्हणजे अँड्रॉइड ७ चा आहे, त्यात मराठी व्यवस्थित दिसतं. तिला मेसेजमध्ये जे चौकोन दिसतात ते मराठी शब्दांचे नाहीतच. तिच्या फोननंतर जन्मलेल्या इमोजींचे ते चौकोन आहेत. भाचेसून हल्ली प्रत्येक वाक्यामागे तसले दोन-तीन चिकटवते, त्याला कंपनी काय करणार?

हे मात्र कबूल करावं लागेल की एके काळी या तक्रारीत दम होता. अँड्रॉइड २.३ च्या जमान्यात मराठी म्हणजे चौकोनांची रांग असायची. तेव्हा कॉलेजातली पोरं ऑपेरा मिनीच्या कॉन्फिग पानावर जाऊन अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय चालू करायची. त्यात अक्षरं तिकडे सर्व्हरवर चित्र बनून यायची, फोनला काही कळावं लागायचं नाही. काहीजण रूट करून देवनागरी फॉन्टही टाकायचे. त्यानं चौकोन जायचे, पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी पडायची. कारण अक्षरांचे आकार पुरवणं एवढंच फॉन्टचं काम; ते आकार कुठल्या क्रमानं आणि कसे जुळवायचे हे ठरवणारा भाग फोनच्या सिस्टीममध्ये असतो. तो नसेल तर जगातला सर्वांत देखणा फॉन्टही उपयोगाचा नाही, आणि असेल तर फोनमधला साधा फॉन्टही पुरतो.

'मराठी शंभर टक्के अचूक' या दाव्याचं उत्तर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, प्रमाणग्रंथात आहे. कोणालाही फुकट वाचता येतो, देवनागरीचं प्रकरण बघा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. दोन्हींत अर्धा र आणि य, पण एकात रफार आणि दुसऱ्यात तो आडवा, पापणीसारखा र. हा दुसरा र मराठीत आणि नेवारीत वापरतात असं त्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय, आणि तो कसा साठवायचा याचा नियमही आहे: नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग य. म्हणजे फरक साठवलेल्या अक्षरांतच आहे. पाठवणाऱ्यानं 'आचाऱ्यांना बोलवा' ऐवजी 'आचार्यांना बोलवा' टंकलं असेल, तर कोणताही फॉन्ट लग्नाला स्वयंपाकी आणून देणार नाही. बऱ्याच कीबोर्डांवर र दाबून धरला की ऱ मिळतो. फॉरवर्डवाल्यांना हे एका ओळीत सांगता आलं असतं.

इथेही अर्धं सत्य आहे, तेही देऊन टाकतो. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही आपली मराठी वळणं खरोखर फॉन्टवर अवलंबून असतात, कारण हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल यांचा युनिकोड क्रमांक एकच आहे. राज्य सरकारनं २००९ च्या शासन निर्णयात मराठी वळणांचा आग्रह धरला, तो योग्यच होता. फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतील आणि मजकूर मराठी आहे असं ॲपनं सांगितलं, तर मराठी आकार दिसतो. तेव्हा फोनच्या भाषांच्या यादीत मराठी सर्वांत वर ठेवून बघा. काही ठिकाणी फरक पडतो, काही ठिकाणी पडत नाही. पण हिंदी वळणाचा ल दिसला म्हणून कोणाचं वाचायचं अडलेलं नाही.

आता डीटीपीचे जुने फॉन्ट. संपूर्ण फॉरवर्डमधला हा सर्वांत अचाट मुद्दा, आणि तो पुण्यात फिरावा याचं मला जास्त वाईट वाटतं. श्रीलिपी हे मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर पुण्यातलं, सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था पुण्यातली. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्यांनी पत्रिका, स्मरणिका आणि गाइडं जुळवण्यात आयुष्य घालवलं, त्यांच्यापैकी कोणालाही विचारलं असतं तर हा मुद्दा तिथेच बाद झाला असता.

युनिकोड सगळीकडे रुळायच्या आधीचे हे फॉन्ट एक युक्ती करत. संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव घ्या. त्यात 'मराठी' लिहायचं तर ई, जे, के, मोठा बी आणि एच या कळा दाबायच्या. फायलीत साठतात ती हीच पाच इंग्रजी अक्षरं. कृतिदेव चढवला की त्यांचा चेहरा 'मराठी' दिसतो, उतरवला की पुन्हा इंग्रजी अक्षरांचा कचरा. भावे हायस्कूलच्या नाटकातल्या दाढीसारखंच, आत माणूस तोच.

हा फॉन्ट फोनच्या मुख्य फॉन्टच्या जागी बसवला तर काय होईल? फोन प्रत्येक अक्षरासाठी आधी मुख्य फॉन्ट बघतो, त्यात आकार नसेल तर यादीतल्या पुढच्या फॉन्टकडे जातो. कृतिदेवमध्ये इंग्रजी अक्षरांची घरं भरलेली आहेत, फक्त त्यांत देवनागरीचे तुकडे आहेत. त्यामुळे फोनवरचं सगळं इंग्रजी देवनागरी वेषात येईल. लहान लिपीतलं 'ओके' दिसेल 'वा'. 'होम' दिसेल 'ीवउम'. आणि 'बँक' दिसेल 'इंदा'. विनोद करत नाहीये, कृतिदेवचा कळतक्ता समोर ठेवून ताडून बघा: बी म्हणजे इ, ए म्हणजे अनुस्वार, एन म्हणजे द, के म्हणजे काना. उद्या 'इंदा'कडून ओटीपीचा एसएमएस आला, आणि बाकीचा मजकूरही असाच असला, तर आत्यानं काय करायचं? पेन्शन जमा झाली की खात्यातून पैसे गेले, हे तिनं कसं ओळखायचं?

कडी पुढेच आहे. खरं मराठी, म्हणजे व्हॉट्सॲपवर येतं ते युनिकोडमधलं, जसं होतं तसंच दिसत राहील. कृतिदेवमध्ये युनिकोड देवनागरीचे आकार नाहीतच, त्यामुळे फोन ते पूर्वीप्रमाणे नोटोमधूनच काढेल. थोडक्यात, मराठी सुधारण्यासाठी केलेल्या या उद्योगात मराठीला धक्काही लागत नाही, इंग्रजीची मात्र वाट लागते. सेटिंगमध्ये जाऊन हे परत फिरवायचं म्हटलं तर सेटिंगचे पर्यायही त्याच भाषेत.

जुन्या फायली वाचायच्या असतील तर संगणकावर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करून घ्या. पण आधी फाइल कुठल्या फॉन्टमधली आहे ते विचारा. श्रीलिपीची घरं वेगळी, कृतिदेवची वेगळी, 'शिवाजी' फॉन्टची वेगळी.

'समोरच्याला तुमच्याच अक्षरात दिसेल' हेही खोटं. मेसेजमधून अक्षरांचे क्रमांक जातात, आकार जात नाहीत. समोरच्याचा फोन ते त्याच्या फॉन्टमध्ये दाखवतो. काहीजणांचे इंग्रजी मेसेज वळणदार अक्षरांत येतात खरे, पण ती गणितासाठी युनिकोडमध्ये ठेवलेली निराळी चिन्हं असतात, फॉन्ट नव्हे. देवनागरीसाठी तसली चिन्हं नाहीत. शिवाय अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारी ॲप्स त्या चिन्हांवर अडखळतात. छान अक्षरात मुंजीचं आमंत्रण पाठवायचंय? 'मुक्त' किंवा 'बलू' हे फॉन्ट फुकट आणि खुल्या परवान्याचे आहेत, त्यात पत्रिका करा आणि चित्र किंवा पीडीएफ म्हणून पाठवा.

वेग आणि बॅटरी? काही संबंध नाही. पुढे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. फॉन्ट ही एक फाइल असते. तिला तुमचे एसएमएस वाचायचे नसतात, संपर्क बघायचे नसतात, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी तर मुळीच लागत नाही. ती परवानगी असलेलं ॲप तुमच्या स्क्रीनवर काय आहे ते वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन गोष्टी एकत्र मागणारं 'फॉन्ट' ॲप ओटीपीसाठी आलेलं आहे असंच धरून चाला. आणि वर प्ले प्रोटेक्ट बंद करायचं! प्ले स्टोअरबाहेरून आलेलं ॲप तपासणारा फोनमधला पहारा तोच, आणि त्यालाच आधी घरी पाठवायचं. एवढ्या एका सूचनेवरूनच मेसेज पुसून टाकायला हवा होता.

'फॉन्टमध्ये व्हायरस असूच शकत नाही' हेही धादांत चूक. ट्रूटाइप फॉन्टमध्ये अक्षरं लहान आकारात नीट दिसावीत म्हणून छोट्या आज्ञा असतात, आणि फॉन्ट दाखवणारी यंत्रणा त्या चालवू शकते. फाइल वाचणाऱ्या भागात भोक असेल तर मुद्दाम बिघडवलेल्या फॉन्टमधून आत शिरता येतं. २०११ मध्ये डुक्यू नावाचा हेरगिरीचा व्हायरस वर्डच्या फायलीत दडवलेल्या फॉन्टमधूनच विंडोजमध्ये घुसला होता. ते जुनं झालं म्हणाल, तर मे २०२५ चं गूगलचं अँड्रॉइड सुरक्षा पत्रक काढा. त्यात फ्रीटाइपमधली, म्हणजे अँड्रॉइड फॉन्ट वाचायला जे वापरतं त्यातली, सीव्हीई-२०२५-२७३६३ ही त्रुटी दिली आहे, आणि तिचा मर्यादित, निवडक लोकांवर गैरवापर होत असल्याची चिन्हं आहेत असं गूगलनं स्वतः नोंदवलंय. प्रत्येक फॉन्ट विषारी असतो असा याचा अर्थ नाही. पण ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच बंद झालंय, त्यात अनोळखी लिंकवरचा फॉन्ट कोंबायला सांगणं म्हणजे अक्कल गहाण टाकणं आहे. हा फॉरवर्ड नेमका जुन्या फोनवाल्यांसाठीच लिहिलाय, हे विसरू नका.

रूट करण्याबद्दल: त्यासाठी बहुतेक फोनमध्ये आधी बूटलोडरचं (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) कुलूप उघडावं लागतं, आणि ते उघडताना फोन सहसा पूर्ण पुसला जातो. फोटो, चॅट, सगळं. नंतर पैशांची बरीच ॲप्स फोन रूट केलेला आहे हे ओळखतात आणि चालायला नकार देतात. आत्याच्या भिशीतल्या एका काकूंनी पेठेतल्या एका दुकानातून हे करून घेतलंय. नातवाच्या बारशाचे फोटो गेले, पैसे पाठवायचं ॲप उघडत नाही. दुकानदार म्हणतो, "तुम्हीच सांगितलंत." तोही खोटं बोलत नाहीये, म्हणून जास्त राग येतो.

आत्यासाठी मी केलं ते एवढंच: प्ले स्टोअरवरून क्रोमची त्या फोनला चालणारी शेवटची आवृत्ती घेतली, मराठी भाषा यादीत वर आणली, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वाढवला. तिची निम्मी तक्रार अक्षर बारीक असण्याचीच होती. तुमचा फोन सॅमसंगचा असेल तर त्याच सेटिंगमध्ये फॉन्टची शैलीही बदलता येते, कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमधून. हौस असेल तर तिथे भागवा.

ज्यांनी ते एपीके आधीच घेतलंय त्यांनी नेट बंद करून पहिल्यांदा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढा, मग ॲप काढा, प्ले प्रोटेक्ट चालू करा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, भाच्याला विचारून मग नव्हे.