पोराचा पगार छापणाऱ्यांनो, जरा थांबा

आज सकाळी एका मराठी न्यूज पोर्टलवर दोन बातम्या एकाखाली एक दिसल्या. वरची : ‘शेतकऱ्याच्या लेकाची कमाल! अमेरिकन कंपनीचं कोट्यवधींचं पॅकेज, आकडा वाचून डोळे विस्फारतील’. खालची : ‘आयटीत हाहाकार! एआयनं घेतला हजारोंचा घास, पुढचा नंबर कुणाचा?’ दोन्हींना फोटो एकच, काचेच्या निळ्या इमारतीचा. शप्पथ सांगते, तोच फोटो.

एरवी हसले असते. आज डोकं फिरलं. कारण या दोन्ही बातम्या आमच्या घरात येऊन गेल्यात, आणि जाताना काय काय घेऊन गेल्या ते मला माहीत आहे.

ताईचा मुलगा, माझा भाचा, बार्शीचा. इंजिनिअर झाला, मोठ्या कंपनीत लागला, आम्ही पेढे वाटले. इथवर सगळं छान. मग कॉलेजनं प्रेसनोट काढली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘शेतकरीपुत्राला सव्वा कोटीचं पॅकेज’. अहो, भावोजींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे! तीन एकर आहेत, ते वाट्यानं दिलेत. पण ‘मोटार रिवाइंडिंगवाल्याचा मुलगा’ लिहिलं तर वाचणाऱ्याचे डोळे कसे पाणावणार?

बरं, सव्वा कोटी आले कुठून? माझी अख्खी नोकरी पेरोलमध्ये, म्हणजे लोकांच्या पगाराचा हिशोब करण्यात गेली, मला कुठे चैन पडतंय. ऑफर लेटर मागवून घेतलं. मूळ पगार वर्षाला ३४ लाख. जॉइनिंग बोनस ६ लाख, तो एकदाच, आणि वर्षाच्या आत सोडून गेलास तर परत कर अशी अट. राहिले ८० लाख, ते कंपनीचे शेअर्स. चार वर्षांत थोडे थोडे मिळायचे, आणि पहिलं वर्ष भरेपर्यंत त्यातला एकही नाही. या सगळ्याची एका ओळीत बेरीज केली, झाले १ कोटी २० लाख. बातमीदाराला ते जरा फिकं वाटलं असेल, म्हणून सव्वा. टॅक्स आणि पीएफ जाऊन पोराच्या हातात महिन्याला यायचे दोन लाखांच्या आसपास.

आता कोणीतरी म्हणणार, दोन लाख काय कमी आहेत का? नाहीत हो. त्या वयात मला महिन्याला जे मिळायचं ते आठवलं तर दोन लाख म्हणजे राजवाडा. मग तेच छापा ना! ‘महिना दोन लाख’ छापायला कसली लाज वाटते?

ती बातमी आली आणि ताईच्या घरी रीघ लागली. मंडळाची पोरं थेट ५१ हजारांची पावती फाडूनच आली. बोअर मारायचीय म्हणून कुणी लांबचा दीर उगवला. लग्नाची स्थळं यायला लागली, ती वेगळीच. हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण सोलापूरचा जो व्यापारी भावोजींना वर्षानुवर्षं तांब्याची तार उधारीवर देत होता, त्यानं उधारी बंद केली. ‘तुम्हाला काय कमी आता, रोख द्या की मालक.’ सीझन तोंडावर, शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी दुकानात रांगेनं पडलेल्या, आणि तार आणायला रोकड नाही. पोराचा पहिला पगार तोवर झालेला नव्हता. भावोजींनी सोसायटीतून कर्ज काढलं. कोट्यधीशाच्या बापानं.

आणि हे फक्त तालुक्याच्या पेपरात होतं असं समजू नका. आयआयटी बॉम्बे आठवा. २०२३-२४ च्या प्लेसमेंटमध्ये ८५ जणांना कोटीच्या वर, असा आकडा आधी आला. देशभर मथळे. मग संस्थेनंच दुरुस्ती केली, ८५ नाही, २२. ही दुरुस्ती तुमच्यापैकी किती जणांनी वाचली? त्याच वर्षी तिथलं सरासरी पॅकेज साडेतेवीस लाख होतं आणि सगळ्यात कमी ४ लाख. आयआयटीत जाऊन ४ लाख! खरी बातमी ही नाही का? पण छे. चार लाखवाल्याच्या आईला पेढा भरवतानाचा फोटो कोण काढणार?

लॉकडाऊनमधला वुल्फ गुप्ता आठवतोय? व्हाइटहॅट ज्युनिअरच्या जाहिरातींतला, कोडिंग शिकून गूगलमध्ये कोट्यवधींची नोकरी मिळवलेला चिमुरडा. एका जाहिरातीत त्याचं वय एक, दुसरीत दुसरं. पगारही तसाच, कधी सव्वा कोटीच्या घरात, कधी थेट वीस कोटी. असा मुलगाच नव्हता. जाहिरात मानक परिषदेनं कंपनीला जाहिराती काढायला लावल्या. लोक म्हणाले, केवढं हे धाडस. मला अजिबात नवल वाटलं नाही. जाहिरातवाल्यांनी फक्त आपल्या बातम्यांचा साचा उचलला होता. तसली बातमी वाचायची आपल्याला इतकी सवय झालेली की खोटा मुलगा खऱ्या मुलासारखाच दिसला.

तर आपल्याकडे टेक कंपन्यांच्या बातमीला दोनच चाली येतात, एक आरतीची, दुसरी तिरडीची. मधलं काही वाजतच नाही.

तिरडीचं घ्या. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं जाहीर केलं, दोन टक्के माणसं कमी करणार, म्हणजे बारा हजारांच्या वर, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. चॅनेलांनी लाल पट्ट्या लावल्या, मागे ते धडधड संगीत, आणि ‘एआयनं खाल्ल्या नोकऱ्या’. कंपनीचे प्रमुख कृतिवासन स्वतः सांगत होते की हे एआयमुळे नाही. आता ते म्हणाले म्हणून ते खरंच, असं मीही मानत नाही. पण निदान सांगा तरी! आणि त्याच्या आधीच महिनाभर, जूनमध्ये, कंपनीनं बेंचचा, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून राहण्याचा, नियम बदलला होता. वर्षाला २२५ दिवस क्लायंटच्या कामावर दिसलं पाहिजे, बेंचवर ३५ दिवसांच्या वर नाही. ज्यांच्या घरात आयटीतलं माणूस आहे त्यांना विचारा, कुणाची झोप कशानं उडाली होती. ३५ दिवस! प्रोजेक्ट संपला, मॅनेजरशी पटत नाही, क्लायंटनं इंटरव्ह्यूत नाकारलं, की मोजायला लागा. पुण्यातली नाइट्स ही कर्मचाऱ्यांची संघटना त्यावर ओरडत होती. पण त्याला लाल पट्टी लागत नाही ना. ते समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि समजून घ्यायला आधी बातमीदाराला पाच तास.

जुलै ते सप्टेंबरच्या त्या तिमाहीत टीसीएसची माणसं जवळजवळ वीस हजारांनी घटली. कंपनी म्हणाली, आम्ही काढले ते सहा हजारांच्या आसपास. मग बाकीचे? आपणहून गेले, की ‘आपणहून’ जायला लावले? इथे खरं तर बातमीदारानं दात घट्ट रोवायचे. एक राजीनामा कसा लिहून घेतात ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. एचआरची खोली, पाण्याचा ग्लास, टिश्यूचा बॉक्स आधीच मांडून ठेवलेला, आणि मेलचा मजकूर तयार. ‘वैयक्तिक कारणास्तव’. पण तोवर चॅनेलं दुसरीकडे निघून गेलेली.

हो, हो, मान्य आहे. चांगलं काम करणारे पत्रकार आहेत. ऑनलाइन शिकवणीवाल्या बायजूजचं पितळ उघडं पाडलं तेही पत्रकारांनीच, द केन, मॉर्निंग कॉन्टेक्स्टसारख्या पोर्टलांनी, कंपनी ऐन भरात असताना. पण ते इंग्रजीत, आणि पैसे भरून वाचायचं. ज्या आईबापांनी हप्त्यावर टॅब घेतले, त्यांच्यापर्यंत काय पोचलं? टीम इंडियाच्या जर्सीवरचं नाव. मेस्सी. बावीस अब्ज डॉलरची कंपनी. आणि सगळं कोसळल्यावर पुन्हा त्याच तोंडांनी, ‘असा बुडाला बायजूज!’ तेव्हा कुठे होतात रे सगळे?

कुठे होते ते मला माहीत आहे. पहिल्या पानावरच्या जाहिरातीच्या मागे होते. नोटाबंदीच्या पाठोपाठ आलेली पेटीएमची पानभर जाहिरात आठवते ना, पंतप्रधानांच्या फोटोसकट? आणि २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, तर मोबाइलवर काय फिरलं? ‘पेटीएम बंद!’ बँक वेगळी, ॲप वेगळं, ॲप दुसऱ्या बँकांच्या जोरावर चालू राहू शकतं, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी क्यूआरचा स्टिकर नखांनी खरवडून काढला. अर्धा निघाला, अर्धा राहिला.

आणि हा पैशाचा मामला जुना आहे. टाइम्स ग्रुपनं वीसेक वर्षांपूर्वी प्रायव्हेट ट्रीटीज म्हणून सुरू केलं, जाहिरात घ्या आणि बदल्यात कंपनीतला हिस्सा द्या. शेवटी २०१० मध्ये शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीला सांगावं लागलं, बाबांनो, ज्या कंपनीत तुमचा हिस्सा आहे तिच्याबद्दल लिहिताना ते वाचकाला सांगा. उलट गूगलचं बघा. वृत्तपत्रांनी २०२१ मध्ये गूगलकडे जाहिरातीच्या उत्पन्नातला ८५ टक्के वाटा मागितला, प्रकाशकांची संघटना स्पर्धा आयोगात गूगलविरुद्ध उभी आहे, आणि त्याच वृत्तपत्रांत गूगलला दंड झाल्याची बातमी येते तेव्हा मथळा कसा खुशीत असतो बघा. दंड योग्यच होता, माझं काही म्हणणं नाही. पण ‘आमचंही यांच्याशी भांडण चालू आहे’ अशी एक ओळ खाली टाकायला शाई संपते का?

असो. भाच्याचं राहिलं.

वर्ष उलटून थोडेच महिने झाले असतील, त्याच्या कंपनीनं जगभर माणसं काढली. त्यात हा गेला. रात्री मेल, सकाळी लॅपटॉप बंद. शेअर्सपैकी फक्त पहिल्या वर्षाचा चौथा हिस्सा त्याचा झाला होता, तोही बाजार पडलेला. बाकीचे कागदावरचे कागदावरच राहिले. त्या दिवशी टीव्हीवर ‘भारतीय तरुण रस्त्यावर’ चालू होतं आणि माझी आई, म्हणजे त्याची आजी, बार्शीत पोळी ताटात ठेवून बसलेली. पोरगा रस्त्यावर म्हणजे तिला खरंच रस्त्यावर वाटला. कुठे झोपला असेल, काय खाल्लं असेल. तो तेव्हा माझ्याकडे, सिंहगड रोडला, सोफ्यावर पाय पसरून बायोडेटा नीट करत होता. व्हिडिओ कॉल लावून दाखवला तेव्हा ती जेवली.

तेही निभावलं. नोकरी लागली दुसरी, पगार कमी, पोरगं बरं आहे. निभावलं नाही ते गावातलं. कारण गावाच्या हिशोबात त्याच्याकडे सव्वा कोटी आले होते. पेपरात आलं होतं ना! मग गेले कुठे? कुणी म्हणालं जुगार, कुणी म्हणालं ऑनलाइन गेम, कुणी म्हणालं पोरीच्या नादाला लागला. लग्नाची एक बोलणी याच्यावर मोडली. ताईनं ते पेपरातलं कात्रण लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवलं होतं, भावोजींनी एके दिवशी काही न बोलता काढून ठेवलं. मी त्या पेपरच्या ऑफिसला फोन केला होता, की बाबा, आकडा चुकला, दोन ओळी छापा. पलीकडचा मुलगा बिचारा चांगला होता. म्हणाला, ‘मॅडम, पॉझिटिव्ह स्टोरी होती ती.’ मी काय बोलणार? त्याचाही पगार काय असेल, मला अंदाज आहे. दिवसाला पाच-सहा बातम्या टाकायच्या, वर कुणी प्रेसनोट पाठवली तर तेवढीच सुटका. त्याच्यावर नाही माझा राग. मथळा ठरवणाऱ्यांवर आहे, आणि त्याला त्या खुर्चीत एकटं बसवणाऱ्यांवर.

माझ्या लिस्टमध्ये पेपरवाले, चॅनेलवाले मित्र आहेत, ते वाचतायत हे मला ठाऊक आहे. पुढच्या वेळी पॅकेजची बातमी हातात आली तर एवढंच विचारा त्या पोराला : हातात महिन्याला किती येणार, शेअर्स किती वर्षांत मिळणार, बोनस परत मागू शकतात का, आणि हा आकडा तू सांगितलास की कॉलेजनं? दोन मिनिटांचं काम. मग फेटा बांधा, हलगी लावा, मीसुद्धा येते नाचायला.

भाच्याला टॅग करू नका प्लीज. तो मला आधीच म्हणालाय, मावशी, जाऊ दे ना.