कार्ड कोण हलवणार?

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात कामाचा माग ठेवायला नवं सॉफ्टवेअर आलंय, आणि आता कामापेक्षा त्याचाच व्याप जास्त झालाय. प्रत्येक कामाचं एक कार्ड. 'करायचंय', 'चालू', 'झालं' असे तीन रकाने. काम सरकलं की कार्ड ओढून पुढच्या रकान्यात टाकायचं, एवढंच! पण कुणी हलवेल तर शपथ. ड्रॉइंग गिऱ्हाइकाकडनं पास होऊन आलं, तरी कार्ड आपलं 'करायचंय'मध्येच लोळतंय. मग साहेब व्हॉट्सॲपवर विचारणार, "त्याचं काय झालं?" अहो, मग बोर्ड कशाला घेतलाय?

ही पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यातली, कानबान. तिच्यात खरी मेख ही, की हातातल्या कामांवर मर्यादा ठेवायची. एक संपल्याशिवाय दुसरं ओढायचं नाही. नेमकं तेवढंच आम्हाला कुणी शिकवलं नाही. 'चालू'चा रकाना बघा, नुसता आठवडी बाजार! ट्रेनिंगमध्ये मात्र कार्डाला रंगीत लेबल कसं लावायचं यातच अख्खी दुपार घालवली. वर प्रत्येक कमेंटला ईमेल, शिवाय मोबाईलवर टिंग. आणि एवढं करून संध्याकाळी एक्सेल भरायचंच, कारण मोठ्या साहेबांना तेच बघायची सवय.