पन्नास तासांतले थोडे इकडेही द्या

मुलांना प्राण्यांशी माणुसकीने वागायला शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण हवं आणि आपसांत ओळखीही हव्यात, असं इथल्या एका लेखात म्हटलंय, त्यावर हे लिहितोय. मला ओळखींचा मुद्दा जास्त पटला. पुण्यात अशी धडपड करणारे बरेच आहेत, पण प्रत्येक जण आपापल्या शाळेत एकांडा शिलेदार!

नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) शिक्षकांना वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यातले काही तास या विषयाला द्यायला कुणाची हरकत असावी? संविधानातल्या कलम ५१-अ मध्ये प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी हे मूलभूत कर्तव्यच आहे. फळ्यावर लिहून घेतो आपण, पुढे काय?

आणि कृपा करून त्या तासांत स्लाइड दाखवू नका. पशुवैद्य, सर्पमित्र, सोसायटीत कुत्र्यांना खायला घालणारे आणि त्यांच्याशी भांडणारेसुद्धा, सगळ्यांना शिक्षकांसमोर बसवा. मुलांचे प्रश्न तिथलेच असतात. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच लस घ्यायची, हे शिक्षकालाच माहीत नसेल तर नुसती भूतदया काय कामाची? नागपंचमीआधी साप दूध पीत नाही हे सांगायचं. संक्रांतीआधी मांजा: नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच.

कोथरूड-कर्वेनगर भागातले कुणी शिक्षक महिन्यातून एकदा भेटायला तयार असतील तर इथेच उत्तर द्या. चहा माझ्याकडून. शनिवार दुपार सोडून, तेव्हा माझी जादा तासिका असते.