वॉचमनच्या एजन्सीला लायसन्स लागतं, आईजवळ माणूस पाठवणाऱ्याला नाही

डोकं सटकलंय आज. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला सरकारी लायसन्स लागतं, २००५ चा कायदाच आहे त्यासाठी, ट्रेनिंग द्यावं लागतं, वॉचमनची चौकशी करावी लागते. आणि घरात, बेडरूममध्ये, अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी रात्रभर बाई बसवणाऱ्या ब्युरोला काय लागतं? एक मोबाईल नंबर आणि व्हॉट्सॲपला फुलांचा डीपी. फारतर गुमास्ता असेल, तोही किराणा दुकानाला असतो तसाच.

आईला अर्धांगवायू झाल्यापासून हेच चाललंय आमच्याकडे. ब्युरोवाला फोनवर छातीठोकपणे सांगतो, ट्रेन्ड आहे हो, हॉस्पिटलचा अनुभव आहे. आणि आलेली मावशी आई सपाट झोपलेली असताना तशीच नाकातल्या नळीतून पेज सोडायला लागली! अरे डोक्याकडची बाजू वर करायची असते, देऊन झाल्यावरही थोडा वेळ तसंच ठेवायचं असतं, नाहीतर ते उलटून फुफ्फुसात जातं. मी तिथेच उभी होते म्हणून निभावलं. तिच्यावर तरी काय ओरडणार, विचारलं तर कळलं मागच्या आठवड्यापर्यंत ती केटररकडे पोळ्या लाटत होती.

बरं पैसे? आम्ही महिन्याला २८ हजार मोजतो, मावशीच्या हातात पडतात १७. मधले ११ कशाचे विचारलं की म्हणे सर्व्हिस. कसली सर्व्हिस, मावशी गौरी-गणपतीला गावी गेली की "रिप्लेसमेंट बघतो मॅडम" म्हणून साहेबांचा फोन बंद. डिपॉझिट वेगळं, आणि मावशीला परस्पर ठेवलंत तर दंड, हे मात्र त्याच्या कागदावर ठळक अक्षरात. तिची सुट्टी, तिचा पीएफ, तिला पाठीत उसण भरली तर काय, याबद्दल त्या कागदावर एक ओळ नाही.

आणि सरकारला हे माहीत नाही असंही नाही, तोच तर संताप आहे! डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करायचं बिल लोकसभेत मांडलं होतं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, अटेंडंटचं शिक्षण आणि ट्रेनिंग, सगळं होतं त्यात. मग गेलं स्थायी समितीकडे, समितीचा रिपोर्ट आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं बिलही गेलं बाराच्या भावात. मूळ २००७ च्या कायद्यात मात्र म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत जेल, हे न विसरता लिहिलंय. सांभाळणाऱ्याला मदत काय ते नंतर बघू. (आणि सांभाळणारी म्हणजे कोण, सून नाहीतर लेक, हेही ठरलेलंच.)

पैशाचं तर बोलूच नका. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कव्हर दिलं, चांगलंच केलं, पण ते ॲडमिट झालात तर. डॉक्टर म्हणाले घरी न्या, इथे ठेवून काही उपयोग नाही, की पुढचे डायपर, एअर बेड, मावशी, सगळं तुमच्या खिशातून, मग ते महिने असोत नाहीतर वर्षं. राज्याची वयोश्री योजना आहे, चष्मा, काठी, श्रवणयंत्र वगैरेसाठी एकदाच ३ हजार. ३ हजारात आमच्याकडे मावशीचे तीन दिवस निघतात. जिच्याकडे २८ हजार नाहीत तिने नोकरी सोडायची एवढाच पर्याय, आणि सोडतातच बायका, कुणी मोजतसुद्धा नाही.

वर काही शहाणे म्हणतात की नियम आणले तर रेट वाढतील. वाढू देत ना, वाढलेले पैसे त्या मावशीला मिळणार असतील तर! आणि मधल्याच्या कमिशनला मर्यादा घाला, गरजूंना थोडं अनुदान द्या, तालुक्याच्या आयटीआयमध्ये सहा महिन्यांचा कोर्स काढा, यात कुठलं रॉकेट उडवायचंय?

काल नवीन मावशीसाठी फोन केला तेव्हा म्हटलं, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पाठवा आधी. तर ब्युरोवाला म्हणतो, "मॅडम, तुम्हाला सर्टिफिकेट पाहिजे का माणूस पाहिजे ते ठरवा." माणूसच घेतलं. सोमवारी ऑफिस आहे मला.