भाव चढवायला माणसं

दिवाळीत पुण्याला गेलो तेव्हा सहकारनगरला मामाकडे फराळाला बसलो होतो. चकली मोडता मोडता मामाने विचारलं, "काय रे, तुमच्या टोरोंटोत फ्लॅटला कुत्रं विचारत नाही म्हणे?" म्हटलं, हो, कॉन्डोचा, म्हणजे तिथल्या फ्लॅटचा, बाजार पार बसलाय. "मग त्यात काय एवढं? सरकारने बाहेरच्यांना दार लावून घेतलंय ना, उघडा म्हणावं. माणसं येतील, घरं खपतील." दहा मिनिटांत गाडी पुण्यावर आली आणि हाच मामा म्हणाला, "बाहेरच्यांनी येऊन पुण्याची वाट लावली. आमच्या पोरांना इथे घर परवडेना." मामी चहा गाळताना माझ्याकडे बघून हसली. मामाच्या ते गावीही नव्हतं.

पण मामाची कल्पना मोठमोठ्यांना सुचून गेलेली आहे. 2009 मध्ये अमेरिकेतली घरं मातीमोल झाली तेव्हा टॉमस फ्रीडमन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या स्तंभात आपल्या पत्रकार शेखर गुप्तांचा सल्ला छापला होता: वीस लाख भारतीय, चिनी, कोरियन लोकांना व्हिसा द्या, ती पडीक घरं आम्ही विकत घेऊ. 2011 मध्ये शूमर आणि ली या दोन सिनेटरांनी तर 5 लाख डॉलरची घरखरेदी करणाऱ्याला व्हिसा देण्याचं विधेयकच आणलं. ते बारगळलं. पोर्तुगालने मात्र 2012 पासून 5 लाख युरोच्या घरावर राहण्याचा परवाना दिला, आणि 2023 मध्ये घराची ती वाट बंद केली, कारण एव्हाना लिस्बनमध्ये तिथल्याच लोकांची मामासारखी तक्रार सुरू झाली होती.

कॅनडात आम्ही हा प्रयोग अंगावर काढला. 2023 या एका वर्षात देशाची लोकसंख्या 12 लाखांहून जास्त वाढली, 3.2 टक्के, आणि त्यातली 97 टक्क्यांवर वाढ बाहेरून आलेल्यांची. मामाच्या हिशेबाने घरांना सोन्याचा भाव यायला हवा होता. झालं उलटं. टोरोंटो परिसरातले भाव 2022 च्या फेब्रुवारीत शिखरावर होते, तिथून उतरले ते माणसांचा लोंढा चालू असतानाच. बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर 2022 च्या मार्चपर्यंत 0.25 टक्के होता, तो 2023 च्या जुलैत 5 टक्क्यांवर गेला, मग घर घेणार कोण? चढलं ते भाडं. नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी घर विकत घेत नाही हो, तो खोली शोधतो. 2024 मध्ये सरकारने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, 2025 चं कायम रहिवाशांचं लक्ष्य 5 लाखांवरून 3 लाख 95 हजारांवर आणलं, आणि भाडं उतरायला लागलं.

मी 2017 च्या सप्टेंबरात टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या एका बेसमेंटमध्ये उतरलो. सहा जण, एक संडास, छताला टेकलेली वहीएवढी खिडकी, जिच्यातून शेजाऱ्याच्या गाडीचं चाक दिसायचं. फ्रिजच्या कप्प्यांना मास्किंग टेप लावून नावं लिहिलेली. माझा कप्पा सगळ्यात खालचा. ऑन्टॅरिओत दूध चितळ्यांसारखंच पिशवीत मिळतं, तेव्हा पिशवीवरही मार्करने नाव. एकदा कोणीतरी माझं दूध संपवलं यावरून दोन आठवडे अबोला होता. त्या वेळी मला कोणी म्हटलं असतं की बाबा रे, तू इथल्या घरबाजाराला तारायला आलायस, तर त्याही अवस्थेत मी हसलो असतो.

आणि बाजारात पडून काय आहे तेही बघा. माझ्या एका नागपूरच्या मित्राने 2021 मध्ये टोरोंटोला लागूनच्या मिसिसागात बांधायच्या आधीच कॉन्डो बुक केला. पाचशे चौरस फूट, पलंग टाकला की कपाट उघडत नाही. करार 6 लाख 40 हजार डॉलरचा. ताब्याच्या वेळी बँकेने किंमत धरली 5 लाख 10 हजार. मधले रोख आण म्हणाले. ही घरं राहायला बांधलेलीच नव्हती, भाड्यावर हप्ता निघेल या गणितावर बांधली होती. त्यांत बायको, दोन पोरं आणि सहा महिने राहायला आलेले आईवडील कोंबायला उद्या आणखी पाच लाख माणसं आणलीत तरी ती मावायची नाहीत.

मामाला मी पुण्याचंच उदाहरण दिलं. 1630 च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं बेचिराख करून गाढवाचा नांगर फिरवला. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत जिजाऊंनी ते पुन्हा वसवलं, तेही माणसं आणूनच. पण कशी? शेतसाऱ्यात सूट देऊन, कौल, म्हणजे अभयवचन, देऊन. आधी जमीन कसणाऱ्याला परवडेल अशी केली, मग माणूस आला. पडलेला भाव सावरायला त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मामा म्हणाला, "तू इतिहास सांगू नकोस, तुझा वाघोलीचा फ्लॅट काय म्हणतोय ते सांग."

इथे मात्र मी गप्प झालो. आम्हा अनिवासी भारतीयांना शेतजमीन घेता येत नाही, फ्लॅट मात्र हवे तितके. माझा 2019 पासून कुलपात आहे. त्याच संध्याकाळी चावी फिरवून बघायला गेलो. गेटवर पाण्याचे दोन टँकर उभे होते. चौदा मजल्यांच्या विंगेत दिवे लागलेले मोजले तर नऊ. वॉचमनकाका उदगीरचे; ते, काकू आणि मुलगी पार्किंगमधल्या मीटररूमशेजारच्या खोलीत राहतात. त्यांना वरचे सगळे बंद फ्लॅट तोंडपाठ: हा दुबईवाल्यांचा, हा अमेरिकेचा, हा तुमचा. पुण्यातले भाव बाहेरच्यांनी चढवले असं मामा म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हे काका असतात, किंवा स्लॅब टाकणारा बिहारी. 2020 मध्ये ते मजूर गावी निघून गेले तेव्हा साइट ठप्प झाल्या होत्या. भाव चढवणारा बाहेरचा चकली खात समोर बसला होता.

परत आल्यावर एजंटला कळवलं, भाड्याने लाव. चार दिवसांत त्याचा मेसेज आला: खराडीत नोकरीला लागलेली बीडची चार मुलं आहेत, सांगू ते भाडं देतील, पण सोसायटी बॅचलर्सना नाही म्हणते, तुम्ही कमिटीशी बोलाल का? खाली मुलांचा एक प्रश्न जोडला होता. फ्रिज आहे का.

कमिटीच्या सेक्रेटरींना आज रात्री फोन लावायचाय. तिथे सकाळचे आठ वाजले असतील.